लिंगाण्यावर चढणाऱ्यांचे फोटो रायलिंग पठारावरून कसे काढायचे

लिंगाणा म्हणजे रायगडाजवळचा उभ्या सुळक्यासारखा किल्ला. त्याचे फोटो नेटवर ढिगाने सापडतात, पण बहुतेकांत नुसता सुळका दिसतो आणि त्यावर चढणारी माणसं शोधत बसावी लागतात. नाहीतर मग उलटं, इतका झूम मारलेला असतो की एक हेल्मेट, एक पाठ आणि मागे काळा दगड, तो लिंगाणा आहे की घरामागची टेकडी तेही कळत नाही. आपल्याला हवा तो फोटो या दोन्हीच्या मधला, माणूस छोटाच पण बघितल्याबरोबर सापडणारा, आणि त्याच्या वर-खाली किती कातळ उभा आहे ते सांगणारा. लांबून काढलेल्या क्लाइंबिंग फोटोत माझ्या मते हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, आणि त्याला मोठ्या लेन्सपेक्षा जागा, वेळ आणि चढणाऱ्या टीमशी आधी झालेलं बोलणं जास्त लागतं.

रायलिंग पठार यासाठी का, तर लिंगाण्याच्या अगदी समोर, पूर्वेला, मधे फक्त खिंड. पुण्याहून वेल्ह्याकडून मोहरी गाठायचं, मुक्काम गावात किंवा गावाजवळच्या मोकळ्या जागेत टेंट टाकून, आणि तिथून पठाराच्या टोकापर्यंत चालत. टीम बोराट्याच्या नाळेने, म्हणजे कड्यातल्या उभ्या घळीतून, खाली खिंडीत उतरते आणि तिथून चढाई सुरू करते, म्हणजे नेहमीच्या रूटवरचे लोक बराच वेळ तुमच्या डोळ्यासमोर असतात. मागे रायगड. लिंगाणा हे रायगडाचं कारागृह असं म्हणतात, आणि दोन्ही एका फ्रेममध्ये आले की त्या म्हणण्यातलं अंतर डोळ्यांना दिसतं. पाणी गावातूनच भरून न्या, पठारावर मिळेल या भरवशावर जाऊ नका. टेंट कड्याच्या टोकाला लावायचा मोह होतो कारण सकाळी चेन उघडली की समोर लिंगाणा, पण रात्री वारा सुटला की टेंट हातात धरून बसायची वेळ येते, आणि अंधारात बाथरूमला उठलेला माणूस कुठल्या बाजूला चालेल सांगता येत नाही. कड्यापासून चांगलं आत लावा, कॅमेरा घेऊन चालत जायला कितीसा वेळ लागतो.

आता ऊन. हे सगळ्यात आधी समजून घ्या कारण यावर अर्धा फोटो अवलंबून आहे. तुम्ही पूर्वेला उभे आणि सुळका पश्चिमेला, म्हणजे सकाळचं ऊन तुमच्या पाठीमागून येऊन लिंगाण्याच्या तुमच्याकडच्या बाजूवर पडतं. पण सूर्य उगवला की लगेच नाही, कारण पठाराची स्वतःचीच सावली खिंडीवर पडलेली असते, आधी शेंडा उजळतो, मग उन्हाची रेघ हळूहळू खाली सरकत येते आणि खिंड सगळ्यात शेवटी. ती रेघ आणि चढणारा माणूस एकमेकांना भेटतात तो क्षण धरायचा. माणूस उन्हात आणि त्याच्या खालचा कातळ अजून सावलीत असला की तो आपोआप उठून दिसतो, काही एडिटिंग करावं लागत नाही. हे दहा-पंधरा मिनिटांचं काम असतं, म्हणून तेव्हा चहा करत बसू नका, चहा आधी किंवा नंतर. दुपार कलली की सूर्य लिंगाण्याच्या मागे जातो, समोरची बाजू काळीठिक्कर, रंग संपले, पण आकार राहतात. शेंड्यावर पोचलेली माणसं मागच्या धुरकट कोकणावर सिल्हूट म्हणून छान येतात, त्यासाठी उजेड मागच्या धुक्यावर मोजायचा, कातळावर नाही.

दुसरीकडे जाणार असाल तर हाच हिशोब परत करायचा. हरिश्चंद्रगडचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे म्हणजे तिथे सकाळी काही हाती लागत नाही, दुपारनंतर ऊन येतं, आणि कडा आत वळलेला असल्याने एका टोकाला बसून दुसऱ्या बाजूच्या भिंतीवरचे लोक टिपता येतात. नाणेघाटात मुक्काम असेल तर जीवधन किल्ल्यावरून वानरलिंगीचा सुळका दिसतो, तिथे वरून खाली बघत फोटो निघतो, त्याची गंमत वेगळी. नकाशावर सुळका कुठे, आपण कुठे, सूर्य कुठून कुठे जाणार एवढं घरी बसून बघता येतं.

टीमशी बोलणं

तुमच्या ओळखीची टीम चढत असेल तर उत्तमच, नसेल तरी आदल्या संध्याकाळी मोहरीत त्यांचा कॅम्प बहुधा असतो, लीडरला जाऊन भेटा. किती वाजता नाळ उतरणार, लीड, म्हणजे सगळ्यात पुढे चढणं, कोण करणार, किती जण, रॅपल, म्हणजे रोपवरून खाली उतरणं, किती वाजता सुरू होईल, दोन रोप लागणार का एक. आणि एक विनंती नक्की करा, कपड्यांची. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, काळा-तपकिरी, मधे वाळलेल्या गवताचे पिवळट पट्टे. त्यावर काळा, ऑलिव्ह, खाकी, गडद निळा टीशर्ट घातलेला माणूस पूर्ण विरघळून जातो. लाल, केशरी, झगझगीत निळा, पांढरं किंवा लाल हेल्मेट असलं की साध्या लेन्सनेही दिसतो. गवत वाळलेलं असताना पिवळा तितका चालत नाही, तो गवतात मिसळतो. एवढ्या एका गोष्टीने जो फरक पडतो तो लाखभराची लेन्स घेऊनही पडत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

आणि चढाई सुरू झाली की त्यांना हाका मारायच्या नाहीत. "इकडे बघ", "हात वर कर" बिलकुल नाही. वर लीड करणारा आणि खाली बिले देणारा, म्हणजे त्याचा रोप धरून त्याला सांभाळणारा, यांचं सगळं बोलणं आवाजावर चालतं, स्लॅक दे, टाइट कर, बिले ऑन, आणि खिंडीत आवाज घुमतो, पठारावरून आलेली एखादी ओरड कमांड समजली गेली तर काय होईल विचार करा. काही सांगायचंच असेल तर वॉकीटॉकी, तोही फक्त बेसला थांबलेल्या माणसाशी.

लेन्स किती मोठी हवी

याचा हिशोब सोपा आहे आणि एकदा केला की आयुष्यभर कामाला येतो. फोकल लेंग्थ मिलिमीटरमध्ये घ्या, तिला माणसाच्या उंचीने, म्हणजे साधारण 1.7 मीटरने गुणा आणि मीटरमधल्या अंतराने भागा, उत्तर येतं ते सेन्सरवर माणूस किती मिलिमीटरचा पडेल ते. समजा माणूस 500 मीटरवर आहे आणि लेन्स 300 मिमी, तर 300 गुणिले 1.7 भागिले 500 म्हणजे जवळपास 1 मिमी. क्रॉप सेन्सरची, म्हणजे साध्या कॅमेऱ्यांतल्या लहान सेन्सरची, उंची साधारण 15.6 मिमी, म्हणजे फ्रेमच्या उंचीच्या साडेसहा टक्के माणूस, 24 मेगापिक्सेलच्या फोटोत अडीचशेच्या आसपास पिक्सेल. एवढ्यात हात कुठे, पाय कुठे, रोप कुठे जातोय सगळं कळतं. फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, तोच सव्वाचार टक्के. म्हणजे ज्यांच्याकडे एंट्री लेव्हलचा क्रॉप कॅमेरा आणि 70-300 किंवा 55-250 आहे त्यांनी अजिबात कमी वाटून घेऊ नये, या कामाला ते पुरतं.

मोबाइलचं तेवढं वाईट आहे. मेन कॅमेरा म्हणजे फुल फ्रेमच्या हिशोबाने 24 मिमीच्या आसपास, त्याच अंतरावर 12 मेगापिक्सेलच्या आडव्या फोटोत माणूस दहा पिक्सेलचा, म्हणजे एक ठिपका. पाच पट टेलिफोटो असलेला फोन असेल तर पन्नासच्या आसपास पिक्सेल, ठिपक्याला हातपाय फुटतात. पण इथे एक गोष्ट बघा, बरेच फोन उजेड कमी असला की स्क्रीनवर 5x दाखवतात आणि आतून मेन कॅमेराच क्रॉप करून देतात. तपासायचं असेल तर टेलिफोटोच्या काचेवर बोट ठेवा, स्क्रीनवर अंधार आला तरच ती लेन्स चालू आहे. फोन दगडावर टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा, माणसावर बोट दाबून फोकस लॉक करा आणि उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा. आणि डिजिटल झूम नको, नंतर क्रॉप करता येतं.

ज्यांना फक्त यासाठीच काहीतरी घ्यायचंय त्यांच्यासाठी ब्रिज कॅमेरे आहेत, फुल फ्रेमच्या हिशोबाने निकॉनचा पी 900 हा 2000 मिमी इतका आणि पी 1000 हा 3000 मिमी इतका पोचतो. पोचतो खरा, पण सेन्सर छोटा, त्यामुळे उजेड भरपूर हवा, आणि एवढ्या झूमवर हवेची थरथर आधी मोठी होते, माणूस नंतर. माझा कल 300 ते 400 मिमीची लेन्स आणि भक्कम ट्रायपॉड याकडे आहे. टेलिकन्व्हर्टर, म्हणजे पोच वाढवायला लेन्समागे जोडायचं भिंग, लावणार असाल तर 1.4 पटीच्याने एक स्टॉप, म्हणजे निम्मा उजेड, जातो, 2 पटीच्याने दोन, सकाळच्या कमी उजेडात तो दुसरा स्टॉप फार जाणवतो.

हवेच्या थरथरीबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण बरेच जण तिचा दोष लेन्सला देतात. ऊन चढलं की काळा कातळ तापतो, त्याच्या लगतची हवा तापून वर जाते, खिंडीतून वेगळ्या तापमानाची हवा येते, आणि अशा हवेतून येणारा उजेड सतत वाकत राहतो. फोटोत ते फोकस चुकल्यासारखं दिसतं, कडा लोण्यासारख्या मऊ. ट्रायपॉडने जात नाही, महागड्या लेन्सने जात नाही, एडिटिंगमध्ये शार्पनिंग वाढवलं तर आणखी घाण दिसतं. उपाय एकच, लवकर काढा, ऊन समोरच्या बाजूवर आल्यापासून पहिले दोन तास. त्यानंतर काढायचेच असतील तर एकाच जागेचे आठ-दहा फ्रेम लागोपाठ घ्या, त्यातल्या एखाद्या वेळी हवा क्षणभर स्थिर असते. आणि टेंटच्या आतून किंवा चुलीच्या वरून फोटो काढू नका, चुलीची गरम हवा लेन्ससमोरून गेली तरी तेच होतं.

धुरकटपणा वेगळा. हिवाळ्यात कोकणावर सकाळी पांढरट थर असतो, तो हवेतल्या कणांचा. पोलरायझर फिल्टरने थोडा कमी होतो पण एक-दीड स्टॉप उजेड खातो. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर, एखादा पाऊस पडून गेल्यावर जी सकाळ येते ती सगळ्यात स्वच्छ, मात्र तेव्हा कातळ ओला आणि शेवाळलेला असतो त्यामुळे टीम सहसा चढत नाही. डिसेंबर-जानेवारी हा मधला मार्ग.

सेटिंग

मॅन्युअल किंवा अपर्चर मोड, एफ 8, आयएसओ 400 पासून, शटर हातात धरून असेल तर क्रॉप सेन्सरवर 300 मिमीला 1/500 च्या खाली नको. ट्रायपॉडवर असेल तर चढणारा माणूस एरवी इतका सावकाश हलतो की 1/125 लाही चालतं, पण वारा असेल तर पुन्हा 1/500. रॅपलिंगला मात्र 1/500 हवाच, लोक भराभर खाली येतात. काळ्या कातळाने फ्रेम भरली की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे आणि तो सगळं उजळून राखाडी करून टाकतो, हेल्मेट आणि पांढरे टीशर्ट जळून जातात, म्हणून एक्स्पोजर 2/3 ते 1 स्टॉप खाली. रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढा.

ऑटोफोकस कातळ सोडून मधे आलेल्या गवताच्या पात्यावर जातो, म्हणून एकच मधला पॉइंट, माणसाच्या शेजारच्या दगडाच्या कडेवर फोकस, मग लेन्स मॅन्युअलवर टाकून द्यायची. इतक्या लांब माणूस थोडा वर गेला तरी फोकस फारसा बदलत नाही. लाइव्ह व्ह्यू दहापट मोठा करून एकदा खात्री करा, आणि ऊन वाढलं की पुन्हा करा. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन ट्रायपॉडवर बंद, जुन्या लेन्समध्ये तर नक्कीच. शटर बोटाने दाबू नका, दोन सेकंदांचा टायमर किंवा रिमोट.

पठारावरचा वारा हा ट्रायपॉडचा खरा शत्रू. पाय लांबीला कमी काढा, मधला दांडा वर काढू नका, सॅक मधे लटकवा पण अशी की तिचं बूड जमिनीला टेकलेलं राहील, नाहीतर ती झुलते आणि कॅमेऱ्याला घेऊन झुलते. ट्रायपॉड नसेल तर खिचडीसाठी आणलेली तांदळाची पिशवी दगडावर ठेवून तिच्यात लेन्स रुतवायची, बीनबॅगचं काम चोख होतं आणि संध्याकाळी तीच शिजवायची, वेगळं ओझं नाही.

माणूस सापडणार कसा

हे लिहिलेलं वाचताना सोपं वाटतं, पण 300 मिमीतून बघताना सगळा कातळ एकसारखा असतो. एका जणाकडे 8x42 किंवा 10x42 ची दुर्बीण द्या आणि त्याला फक्त तेवढंच काम. सकाळी उजेड झाल्यावर दोघांनी मिळून सुळक्यावरच्या खुणा ठरवून घ्यायच्या, हे झुडूप, हा गवताचा टप्पा, ही गुहा, हा पांढरट ओघळ. मग तो म्हणाला "गुहेच्या वर, झुडपाच्या डावीकडे दोन माणसं" की तुम्ही तिथेच वळता. रोपची रेघ मिळाली की माणूस मिळतोच, रेघ धरून वर जायचं.

फ्रेम करताना माणसाच्या वर, म्हणजे तो जिकडे चाललाय तिकडे, जास्त जागा सोडा. जमलं तर बिले देणाराही घ्या, मधला रोप दिसला की बघणाऱ्याला दोघांचं नातं कळतं, एकट्या माणसापेक्षा ते फार बोलकं असतं. रिकामा कातळ कापून टाकायची घाई नको, तो रिकामा नाहीच, तोच तर उंची सांगतोय. प्रत्येक टप्प्याला एक लांबचा, एक मधला आणि एक जवळचा फोटो घ्या, पूर्ण सुळका पायथ्यापासून शेंड्यापर्यंत उभ्या फ्रेममध्ये एकदा तरी. मोठी लेन्स मागचा रायगड पुढे ओढून आणते आणि मधली दरी गायब करते, म्हणून दरीची खोली दाखवायला 24 ते 35 मिमीचा एक फोटो पाहिजेच.

कॅमेरा तिरका करून चढ जास्त खडा दाखवायची पद्धत आहे, ती मला अजिबात पटत नाही. लिंगाणा आहे तेवढा पुरेसा खडा आहे, आणि जो माणूस तिथे खरोखर लटकलाय त्याच्या मेहनतीत आपण खोटं मिसळायचं कारण नाही. कॅमेऱ्यातली लेव्हल चालू ठेवा.

रात्रीचं पण बघा. बऱ्याच टीम पहाटे अंधारातच नाळ उतरतात, हेडटॉर्चची रांग वळणं घेत खाली जाते. ट्रायपॉड, एफ 4, आयएसओ 800 ते 1600, 20-30 सेकंदांचे फोटो एकापाठोपाठ काढत राहायचे आणि घरी एकावर एक रचायचे. एकच दहा मिनिटांचा फोटो घेण्यापेक्षा हे बरं, मधे कुणी तुमच्या लेन्ससमोर टॉर्च मारला तर तेवढी एक फ्रेम टाकून देता येते. नाळेच्या तोंडाशी जाऊन उभे राहू नका, तुमच्या पायाने सुटलेला दगड थेट खालच्या माणसांवर जातो. उजाडल्यावर टाइमलॅप्स करायचा असेल तर दर 10 सेकंदाला एक फोटो, तासाभराचे 360, म्हणजे 25 फ्रेमच्या हिशोबाने चौदा-साडेचौदा सेकंदांचा व्हिडिओ.

पहाटे दव खूप पडतं. कॅमेरा रात्री सॅकमध्ये, झिपच्या पिशवीत ठेवलेला बरा, बॅटऱ्या मात्र स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याजवळ. लेन्स हूड लावूनच ठेवा, दव थोडं अडतं.

तुमची स्वतःची काळजी

क्लाइंबरकडे रोप असतो, फोटोग्राफरकडे नसतो, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला लागला की पायाखालचं भान सुटतं. कड्यावर वाळलेलं गवत आणि त्याखाली घसारा, हे कॉम्बिनेशन बुटाला धरत नाही. बसून किंवा पालथं झोपून काढा, जागा बदलायची तर आधी डोळा कॅमेऱ्यावरून काढायचा मग पाय उचलायचा. टीममधल्या जाणत्या माणसाकडून अँकर करून घेऊन स्वतःला बांधून घेता आलं तर फारच छान.

सह्याद्रीच्या कड्यांना आग्या मोहोळं असतात. धूर, तीव्र वासाचे परफ्युम, फ्लॅश, आरडाओरडा यातलं काहीही नको, मोहोळ उठलं तर तुम्ही पळू शकाल पण रोपवर लटकलेला माणूस पळू शकत नाही. ड्रोनबद्दलही माझं हेच मत आहे, परवानगीचा प्रश्न वेगळाच, पण चढणाऱ्याच्या जवळ ड्रोन नेऊ नका. त्याचा आवाज कमांड ऐकू देत नाही, आणि मोहोळ असेल तर विचारूच नका.

अपघात झाला तर फोटो थांबवायचे. पण लेन्स खाली ठेवू नका, कारण त्या क्षणी सगळ्यात स्पष्ट तुम्हालाच दिसत असतं. किती वाजता झालं, माणूस कुठल्या टप्प्यावर आहे, हलतोय का, रोप कुठे अडकलाय, हे बेसच्या माणसाला आणि रेस्क्यू टीमला सांगा. महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा हेल्पलाइन नंबर निघायच्या आधी फोनमध्ये सेव्ह करा, आणि पठारावर रेंज नेमकी कुठे मिळते ती जागा आदल्या दिवशीच बघून ठेवा. जखमी माणसाचा फोटो कुठेही टाकायचा नाही, घरच्यांना तो ग्रुपवरून कळता कामा नये.

घरी आल्यावर एडिटिंगमधलं धुरकटपणा घालवणारं डिहेझ थोडंसं, कॉन्ट्रास्ट थोडा, कातळ काळाच राहू द्या. आणि फोटो टीमला पाठवा, सगळे, लवकर. चढणाऱ्यांकडे स्वतःचे फोटो म्हणजे हेल्मेटखालचे सेल्फी नाहीतर शेंड्यावरचा ग्रुप फोटो, आपण भिंतीवर नेमके कुठे होतो हे त्यांना कधी दिसलेलंच नसतं. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे टाकले तर ते दाबून छोटे होतात आणि तुमचा अडीचशे पिक्सेलचा माणूस पुन्हा ठिपका होतो, त्यामुळे डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या, आणि फाइलच्या नावात वेळ राहू द्या म्हणजे कोण कुठल्या टप्प्यावर होतं ते त्यांना आपापसात लावता येतं.